वर 18, खाली 8

कोळशांवर पहिला सोडा ब्रेड, म्हणजे यीस्टऐवजी खायच्या सोड्याने फुगवायचा आयरिश ब्रेड, भाजला तेव्हा मागच्या अंगणातली फरशी तडकली. फाट्‌कन आवाज झाला तेव्हा मला वाटलं भांडंच गेलं. ते शाबूत होतं. बिडाचं, 10 इंची, तीन पायांचं, झाकणाला वर उभा काठ, म्हणजे निखारे घरंगळू नयेत. डच ओव्हन म्हणतात त्याला. तडकली होती ती खालची सिमेंटची फरशी, घरमालकाची. ब्रेडचं विचाराल तर खालून कोळसा आणि आत खळ.

हे खूळ डोक्यात शिरलं आयर्लंडमधल्या किलार्नीजवळच्या मक्रॉसला. तिथे 1930-40 च्या सुमाराची शेतकऱ्यांची घरं पुन्हा उभी केली आहेत. आम्ही राहतो त्या गॉलवेहून पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. पाहुणे कोंबड्यांचे फोटो काढत होते आणि मी चुलीपुढून हलायला तयार नव्हतो. चुलीशेजारी फिरता लोखंडी दांडा, त्याला आकडा, असल्या आकड्याला पूर्वी बॅस्टिबल नावाचं डच ओव्हनसारखंच बिडाचं भांडं टांगायचे आणि झाकणावर टर्फचे निखारे ठेवायचे. टर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली, कुजक्या वनस्पतींची माती. तिचा धूर कपड्यांत दोन दिवस राहतो. बॅस्टिबल हे नाव इंग्लंडातल्या डेव्हनमधल्या बार्नस्टेपल गावावरून पडलं असं सांगतात. ही भांडी तिकडून यायची.

मला आजीचं धोंडस आठवलं. तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, आणि पातेल्याच्या झाकणावर लालभडक विस्तव. आठवला तो झाकणावरचाच. खाली काय असायचं ते आठवलं नाही आणि तिथेच घात झाला. मी आपला स्वयंपाक म्हणजे खालून जाळ या हिशोबाने भांड्याखाली वीस-एक कोळसे रचले, वर चवीपुरते.

दुसरी चूक हाताची. आमच्याकडे तांदळाची भाकरी. उकड काढून, तळहाताच्या टाचेने रगडून रगडून पीठ मळायचं, नाहीतर कडा फाटतात. तांदळाला गव्हासारखा चिवटपणा नाही, तो उकड काढून आणि मळूनच आणावा लागतो. मी सोडा ब्रेडचं पीठही परातीत तसंच रगडलं. ऑफिसातली मेयो काउंटीची एक बाई त्या रविवारी आमच्याकडे जेवायला होती. तिने परातीत डोकावून विचारलं, “याने तुझं काय बिघडवलंय?”

तिच्या घरी पीठ एका हाताने, बोटं फाकवून, परातीत चार-पाच गिरक्या देऊन गोळा करतात. मिनिटभरात संपतं. गोळा ओबडधोबड दिसला पाहिजे, गुळगुळीत झाला की बिघडला. इथला गहू मऊ. थंड, ओल्या हवेत वाढलेला, त्यात ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, कमी. यीस्टच्या उंच पावाला तो फारसा कामाचा नाही, पण एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा घरोघरी आला आणि या गव्हाला त्याचा जोडीदार मिळाला. त्यालाही तुम्ही रगडलंत तर तो चिवट होतोच. शिवाय ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की वायू लगेच सुटायला लागतो. यीस्टच्या पिठासारखं झाकून ठेवून आपण डुलकी काढायची सोय नाही. म्हणून आधी कोळसे पांढरे होऊ द्यायचे, मग ताक ओतायचं. उलट केलंत की फसलात. मी ते उलटही करून पाहिलं आहे.

माझं माप: 225 ग्रॅम मैदा, 225 ग्रॅम जाडसर गव्हाचं पीठ, सपाट एक चमचा सोडा, तेवढंच मीठ, साधारण 400 मिली बटरमिल्क. सोडा तळहातावर चोळून गाठी मोडायच्या, नाहीतर ब्रेडमध्ये पिवळे डाग आणि साबणाची चव. बटरमिल्क म्हणजे पूर्वी लोणी काढून उरलेलं ताकच. आता खोक्यातलं मिळतं ते विरजण लावून केलेलं, दाट आणि चांगलं आंबट. उरलेल्याची मी कढी करतो. ती झकास होते आणि हे मी इथल्या कोणालाही सांगितलेलं नाही.

गोळा दोन बोटं उंच थापायचा, वर सुरीने खोल फुली. परी बाहेर पडावी म्हणून, असं मेयोच्या बाईची आई म्हणायची. परीचं माहीत नाही, पण फुली नसेल तर मधला भाग कच्चा राहतो हे खरं.

तिसऱ्या जळक्या ब्रेडनंतर आईला फोन लावला. धोंडसाला खाली किती विस्तव असायचा?

“खाली कुठला विस्तव? विस्तव सगळा वर ओढून घ्यायची ती. खाली नुसती ऊन राख.”

एवढंच. मग वर 18 कोळसे, खाली 8. खालचे मध्ये एकही नाही, भांड्याच्या कडेकडेने गोल. दर दहा मिनिटांनी भांडं पाव फेरी उजवीकडे आणि झाकण पाव फेरी डावीकडे, म्हणजे एकाच जागी डाग पडत नाही. गॉलवेचा वारा असेल तर एक बाजू दुप्पट तापते, तेव्हा मी पत्र्याचा आडोसा करतो. पाऊस तर धरलेलाच. छत्री ब्रेडसाठी, मी भिजतो. चाळीसएक मिनिटांनी झाकण सरळ वर उचलायचं, जरा कललं की राख आत. ब्रेड उलटा करून बुडाला टिचकी मारायची. आवाज पोकळ आला की झाला.

फडक्यात गुंडाळून अर्धा तास थांबायचं असतं. आम्ही दहा मिनिटं थांबतो. खारं लोणी तर आहेच, पण लसणाची चटणी आणि वर कच्चं तेल घालून पाहा. गेल्या रविवारी मेयोच्या बाईने चटणीचा डबा घरी नेला तो अजून परत आलेला नाही.

आता भांडं वाळू भरलेल्या पत्र्याच्या ट्रेवर बसतं. तडकलेल्या फरशीवर पुदिन्याची मोठी कुंडी ठेवली आहे. ऑगस्टमध्ये मालक घर बघायला येणार आहे, तोवर पुदिना आणखी पसरला तर बरं.