उरलेले व्होल्ट

"लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात. तू दिलेस नऊ. मग उरलेले सात कुठे गेले, सांग."

विज्ञानाच्या सरांनी हे विचारलं तेव्हा मी नववीत होतो आणि माझ्या चिमटीत एक मेलेला एलईडी होता. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीच्या टोकांना मी त्याचे पाय थेट टेकवले होते. क्षणभर तो लालऐवजी नारिंगी चमकला आणि विझला. सर रागावले नाहीत. प्रयोगशाळेचं कपाट उघडून त्यांनी धारा अडवणाऱ्या रोधांचा (रेझिस्टरचा) डबा माझ्यासमोर ठेवला आणि उत्तराची वाट पाहत उभे राहिले. मला उत्तर आलं नाही.

विज्ञान प्रदर्शनासाठी आम्हा तिघा मित्रांना लाइटसेबर, म्हणजे 'स्टार वॉर्स' चित्रपटातली उजेडाच्या पात्याची तलवार, करायचा होता. १९७७ सालच्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मधली नायकाची मूठ म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी होती, आणि पात्याचा झगझगीत उजेड चित्रीकरणानंतर एकेका चौकटीवर चढवलेला होता. म्हणजे पडद्यावरचं पातं प्रत्यक्षात तसं पेटतच नव्हतं. आम्हाला मात्र ते हातात पेटवायचं होतं, आणि ते कसं हे सांगायला चित्रपट उपयोगाचा नव्हता.

सरांनी फळ्यावर मांडलं : नऊ वजा दोन, सात व्होल्ट. एलईडीला हवी २० मिलिअँपिअर धारा. सात भागिले ०.०२, म्हणजे ३५० ओहम. डब्यात ३३० आणि ३९० होते. "अशा वेळी मोठा घ्यायचा," ते म्हणाले. ३९० ओहमच्या मागे एलईडी शांतपणे उजळला. ओहमचा नियम आम्हाला पाठ होता, पण त्याचा उपयोग मी पहिल्यांदा पाहिला.

मग आम्ही सरांना न विचारता पुढे गेलो. पात्यासाठी २४ लाल एलईडी घेतले, सगळे समांतर जोडले. प्रत्येकी २० म्हणजे एकूण ४८० मिलिअँपिअर, तेव्हा सगळ्यांना मिळून १५ ओहमचा एकच रोध पुरे, असा आमचा हिशोब. भागाकार बरोबर होता. बटण दाबताच काही एलईडी डोळ्यांत खुपले, काही मंदच राहिले, आणि काही सेकंदांत रोधाचा रंग काळवंडून धूर निघाला. पाव वॅटच्या त्या इवल्याशा रोधातून दोन वॅटहून जास्त उष्णता निघत होती. उरलेले व्होल्ट कुठे जातात ते मला बोटाला चटका बसून कळलं.

एलईडी कमीजास्त का पेटले, याचं उत्तर सरांनी आम्हालाच मोजायला लावलं. मल्टीमीटर घेऊन आम्ही दुपारभर एकेका एलईडीवरचं विभवांतर, म्हणजे किती व्होल्ट, टिपत बसलो. एकाच पाकिटातले एलईडी, पण कुठे १.९, कुठे २, कुठे २.१. समांतर जोडणीत ज्याला कमी व्होल्ट लागतात तो धारा जास्त ओढतो. ओढली की तापतो, तापला की त्याला आणखी कमी व्होल्ट पुरतात, म्हणून आणखी ओढतो. शेवटी तो जातो आणि त्याचा भार इतरांवर येतो. समांतर जोडायचं तर प्रत्येक फांदीला स्वतःचा रोध हवाच. ही एक गोष्ट मी आजही कुणाचीही जोडणी पाहताना आधी तपासतो.

मग आल्या तीन-तीनच्या माळा. तीन लाल एलईडी एकसर जोडणीत (एकामागोमाग एक), म्हणजे सहा व्होल्ट; उरले तीन; ३ भागिले ०.०२, १५० ओहम. रोधातली उष्णता जेमतेम ०.०६ वॅट. अशा आठ माळा. एकाच माळेतून तीच धारा तिन्ही एलईडींतून जाते, त्यामुळे ४८० मिलिअँपिअरचं काम १६० मध्ये झालं. हे मला तेव्हा जादूसारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. चार-चारची माळ का नको, असं मी विचारलं. आठ व्होल्ट एलईडींतच गेले तर उरतो फक्त एक, सर म्हणाले, आणि बॅटरी थोडी उतरून आठवर आली की उजेड जवळजवळ संपलाच. उरलेले व्होल्ट सगळेच वाया जात नाहीत. बॅटरी उतरत जाते तेव्हा त्यांचाच आधार असतो.

एका मित्राला निळंच पातं हवं होतं. त्याने तीन निळ्या एलईडींची माळ केली आणि ती मिणमिणत राहिली. निळ्याला तीनहून जास्त व्होल्ट लागतात. तिघांचे मिळून साडेनऊच्या आसपास, आणि बॅटरी नऊची. निळ्या प्रकाशाच्या कणात लाल प्रकाशाच्या कणापेक्षा जास्त ऊर्जा असते, म्हणून तो निर्माण करायला व्होल्टही जास्त. दोन-दोनच्या माळा आणि १३० ओहम (आम्ही १५० लावले), आणि पातं लखलखलं. पुढे २०१४ साली निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या दिवशी मी पहिला फोन त्या मित्राला केला.

बाकीची कारागिरी थोडक्यात सांगतो. एलईडीचा उजेड टोकातून पुढे जातो, बाजूला फारसा नाही. म्हणून प्रत्येकाचं टोक पॉलिश पेपरने घासून धुरकट केलं. नळीच्या आत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घातली, तेव्हा ठिपक्यांची रेघ झाली. एकतारी वायर दोन वार केले की डागापाशी तुटायची. बहुतारी वायरने ते थांबलं. चौकोनी बॅटरी इतकी धारा फार वेळ देऊ शकत नाही, म्हणून मुठीत सहा पेन्सिल सेल तीन-तीनच्या दोन रांगांत बसवले. आठ माळांच्या वायरी मुठीतल्या आठ पितळी पट्ट्यांवर आणल्या. अंगठ्याने सरकपट्टी पुढे ढकलली की पातं मुठीपासून टोकापर्यंत वाढत जायचं. प्रदर्शनात सगळी मुलं तेवढंच पुन्हा पुन्हा करून बघत होती.

आता पात्यांत पिक्सेलच्या, म्हणजे एकेकाचा रंग वेगळा ठरवता येणाऱ्या एलईडींच्या, पट्ट्या वापरतात. मीटरला १४४ पिक्सेल, रंग आणि चाल छोट्या नियंत्रकाच्या हुकमावर. माझ्या अलीकडच्या पात्यात दोन पट्ट्या मिळून २३० पिक्सेल आहेत. पूर्ण पांढरा लावला तर प्रत्येकी ६० मिलिअँपिअर, एकूण जवळजवळ १४ अँपिअर. नुसता निळा लावला तरी साडेचार. ही धारा बारीक वायरीतून नेली तर व्होल्ट वाटेतच झिजतात. लिथियम सेलही तेवढी धारा झेपणारा आणि संरक्षक सर्किटसह लागतो, त्यावर थेट डाग कधी द्यायचा नाही. शिवाय हे पिक्सेल विझलेले दिसतात तेव्हाही प्रत्येकी सुमारे एक मिलिअँपिअर पीत राहतात. ते माहीत नसताना मी एक भरलेला सेल रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी तो रिकामा मिळाला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मुठीत सेल पूर्ण तोडणारा वेगळा स्विच असतो. रिकामा सेल हातात धरून उभा होतो तेव्हा सरांचाच प्रश्न कानात होता : कुठे गेले, सांग.

सर आता नाहीत. ते पहिलं लाल पातं मी शाळेच्या प्रयोगशाळेला देत आहे. सेल नवे घातले आहेत, मल्टीमीटर सोबत ठेवला आहे. पाचवी माळ पेटत नाही. तिच्यातला एकच एलईडी गेला आहे, पण एकसर जोडणीमुळे तिघेही अंधारात आहेत. मी तो शोधला आहे आणि मुद्दाम बदललेला नाही. तिघांतला कोणता, ते नववीच्या मुलांनी मोजून काढावं.