तोलाई छापली जात होती, वजा होत नव्हती

दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे झाले आणि चौथ्या दिवशी एका अडत दुकानाच्या मालकांचा फोन आला. "दादा, पट्टीत तोलाई छापून येतीया, पर एकूण रकमेतनं वजाच हुईना. जरा येऊन बघून जावा." पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब आणि तोलाई म्हणजे त्यातनं कापायची वजन करण्याची मजुरी. जाऊन बघितलं, तर समोरच्या पट्टीत १२० रुपयांचा फरक होता. अशा दिवसाला पन्नासेक पट्ट्या.

सॉफ्टवेअर जुनं, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ७.४ आवृत्तीवरचं, माझ्या आधी दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं. मूळ 'बिल' क्लास, म्हणजे कोडमधला साचा, आणि त्याच्यावरून काढलेला 'गूळपट्टी'. साच्यातून तयार होणारी प्रत्येक पट्टी म्हणजे एक ऑब्जेक्ट, आणि तिच्यात नावानं साठवलेली प्रत्येक किंमत म्हणजे प्रॉपर्टी. गूळपट्टीच्या मेथडमध्ये (क्लासमधल्या फंक्शनमध्ये) ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टी दाखवणारं गेट_ऑब्जेक्ट_व्हार्स चालवलं: तोलाई १२०. बरोबर. आतलं सगळंच छापणारं व्हार_डंप केलं तर डेटाबेसच्या पसाऱ्यासकट शेकडो ओळी आल्या. त्यात नजर ठरेना.

मग तिथंच गादीवर लॅपटॉप उघडून रिफ्लेक्शन लावलं, म्हणजे कोडलाच त्याची रचना विचारायची पीएचपीतली सोय. रिफ्लेक्शनक्लासला गूळपट्टी क्लासचं नाव दिलं आणि गेटप्रॉपर्टीजची यादी छापली. यादीत तोलाईच नाही! रिफ्लेक्शनऑब्जेक्टला प्रत्यक्ष तयार झालेली पट्टी दिली, तर तिथं तोलाई हजर. क्लास नाही म्हणतो, ऑब्जेक्ट आहे म्हणतो. त्या प्रॉपर्टीला इझडिफॉल्ट (क्लासमध्येच जाहीर केलेली आहेस का) विचारलं, उत्तर आलं फॉल्स. म्हणजे ती कुठंच जाहीर केलेली नव्हती. कोड चालता चालता ऑब्जेक्टला चिकटली होती.

गेटपॅरेंटक्लास घेऊन एक पायरी वर गेलो. 'बिल'मध्ये तोलाई होती, पण प्रायव्हेट, म्हणजे फक्त त्याच क्लासला दिसणारी. आईबापाच्या क्लासमधली प्रायव्हेट प्रॉपर्टी मुलाच्या यादीत येतच नाही, म्हणून मघाशी दिसली नव्हती. प्रायव्हेट वाचायची मुभा मिळावी म्हणून सेटअॅक्सेसिबल ट्रू केलं (८.१ पासून त्याची गरज उरलेली नाही) आणि गेटव्हॅल्यूला तीच पट्टी दिली. शून्य.

एकाच पट्टीत दोन तोलाया नांदत होत्या. गूळपट्टीनं १२० लिहिले ते स्वतःच्या नव्या प्रॉपर्टीत, छपाईही तिच्यावरूनच. बेरीज-वजाबाकी मात्र 'बिल'मध्ये, आणि तिथं शून्यच. पीएचपीनं चकार शब्द काढला नव्हता. ८.२ वर असतो तर अशा जाहीर न केलेल्या, डायनॅमिक प्रॉपर्टीबद्दल डेप्रिकेटेडची, म्हणजे 'हे आता टाळा' अशी, सूचना तरी मिळाली असती. भाषेनं हे आधीच करायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

दुरुस्ती एका शब्दाची: प्रायव्हेटचं प्रोटेक्टेड, म्हणजे मुलाच्या क्लासलाही तीच प्रॉपर्टी वापरता येते. मालकांनी नवी पट्टी हातात घेऊन कॅल्क्युलेटरवर दोनदा ताळा केला, मग दिवाणजींना हाक मारली, "चार दिसांच्या समद्या परत काढा."

घरी येऊन मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टी घ्यायच्या आणि क्लासच्या यादीत नसलेली दाखवायची. रात्री अकराला आणखी एक सापडली. हमाली. एका फाइलमध्ये तिच्या स्पेलिंगात एक 'ए' जास्त होता.