नदी सकाळी येते

"तंबू जरा वर लावा हो. नदी सकाळी येते."

कोलाडच्या काकांचं फोनवरचं हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. मी आपला नकाशावर कोलाडजवळ कुंडलिका नदीकाठची सपाट जागा हेरून बसलेलो. झाडी, पाणी हाताशी, अजून काय हवं!

मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि वीज करून सकाळी कुंडलिकेत येतं. राफ्टिंग त्याच्याच जिवावर. म्हणजे रात्री कोरडे दिसलेले दगड सकाळी पाण्याखाली!

एरवी हेच पाणी मुळा नदीतून पुण्याकडे आलं असतं. आता आम्ही पुणेकर त्याला भेटायला घाट उतरणार. (हसू नका.)

टॉर्च, चटया, ओडोमॉस, यादी दोन पानी झाली होती. नदीची वेळ विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. तुम्ही विचारता?