गाडीच्या नंबरावरून ओळखलेली माणसं

रविवार, रात्रीचे दहा

वहीची चार पानं आज भरली, तरी एक रकाना जवळजवळ कोराच राहिला. डावीकडं गाडीचा नंबर, मधे गाव, उजवीकडं नाव, अशा रेघा मारल्या होत्या. नंबर आठवले. गावंही आठवली. नावाच्या जागी मात्र 'इस्लामपूरवाले', 'मंचरचा उंच', 'लेलँडवाले सरदारजी', 'सावर्ड्याचे भाऊ' असंच लिहावं लागलं. लॉरीवर असताना ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवलो, पावसाच्या रात्री एका ताडपत्रीखाली काढल्या, माझ्या गाडीचा पाटा (चाकावरची स्प्रिंग) तुटला तेव्हा आपली खेप सोडून जे घाटात थांबून राहिले, त्यांची आडनावं मला माहीत नाहीत. त्या काळी विचारायची गरजच पडली नाही. 'बावीस अकरावाला पुढं गेला का?' एवढं विचारलं की हॉटेलवाल्यापासून पंपावरच्या पोरापर्यंत सगळ्यांना कळायचं.

सकाळी माझे जुने लॉरीवाले सोबती आले, मिरजेहून चाचा, पुण्याहून आप्पा. दोघंही सत्तरीच्या पुढचे. ओसरीवर चहा घेता घेता आप्पांनी सांगितलं, सावर्ड्याचे भाऊ गेले. कधी? दिवाळीच्या आधीच. आता शिमगा तोंडावर आला. आप्पांनाही ते पाटणजवळच्या एका पंपावर योगायोगानं कळलं होतं. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वही काढा. जेवढे आठवतात तेवढे लिहून ठेवू. आपण गेल्यावर यांना कोण ओळखणार?"

संध्याकाळपर्यंत तेच केलं. ही दोनदा जेवायला हाक मारून गेली, तरी कुणी उठेना.

मी मूळचा माण तालुक्यातला. 1972 च्या दुष्काळात घरची बैलं विकली आणि आई-वडील दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागले. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा आणि पोरांना सुकडी. ते धान्य घेऊन येणाऱ्या एका लॉरीवर तात्या ड्रायव्हर होते. पोती उतरताना मी मधेमधे लुडबुडत होतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "येतोस का? पोटाला मिळंल." आईला विचारून आलो आणि हौद्यात चढलो. पंधरा वर्षांचा होतो. माझ्यासारखी माण-खटावची, जतची, सांगोल्याची कितीतरी पोरं त्या दोन वर्षांत किन्नर, म्हणजे लॉरीवरचे क्लीनर, झाली. तिकडं दुष्काळाची आठवण निघाली की खडीकेंद्रांबद्दल बोलतात, लॉरीवर चढून निघून गेलेल्या पोरांबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो.

तात्यांची गाडी जुनी टाटा मर्सिडीज. टेल्कोनं, म्हणजे टाटांच्या मोटार कंपनीनं, 1954 साली जर्मन कंपनीबरोबर जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली. तो करार 1969 ला संपला आणि नव्या गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजच्या चांदणीच्या जागी टाटांचा टी आला. आमच्या गाडीवर चांदणी होती. पहाटे उठून पहिली चांदणी पुसायची, मग काच, मग टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घेऊन एकेका टायरवर ठोका मारून आवाजावरून हवा ओळखायची. जोडीतला आतला टायर बसलेला असला की आवाज बद्द येतो. हे ऐकायला शिकायला मला वर्ष लागलं आणि तेवढ्या काळात तात्यांनी माझ्यावर एकदाही हात उचलला नाही. तेव्हा किन्नराला मारणं ही रीतच होती, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

स्टिअरिंग हातात यायच्या आधी डबल क्लच शिकावा लागला. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, खालचा गिअर टाकायचा असेल तर ॲक्सिलरेटरला नेमका तेवढाच पाय द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि गिअर टाकायचा. हे सगळं एका श्वासात. इंजिनाचा आवाज आणि चाकांचा वेग जुळला तरच गिअर आत जातो, नाहीतर करकरून बाहेर फेकतो. सपाटीवर चुकलं तर शिव्या बसतात. भरलेली गाडी चढावर असताना चुकलं तर ती मागं सरकायला लागते.

कराडहून मुंबई म्हणजे खंबाटकी, कात्रज आणि खंडाळा असे तीन घाट. कधी सांगलीची हळद, कधी कोल्हापूरचा गूळ. चढावर गाडी माणसाच्या चालीनं चालायची, म्हणून किन्नरानं खाली उतरायचं, लाकडी ठोकळा खांद्यावर घ्यायचा आणि मागच्या चाकाच्या बाजूनं चालत राहायचं. गाडी अडली, मागं सरकली की क्षणात ठोकळा चाकाखाली गेला पाहिजे, आणि आपला हात बाहेर आला पाहिजे. सावर्ड्याच्या भाऊंच्या डाव्या हाताची दोन बोटं अशीच गेली होती, ते किन्नर असताना. पुढं त्यांनी त्याच हातानं जन्मभर स्टिअरिंग धरलं. उतरणीला तात्यांचा नियम एकच: ज्या गिअरमध्ये चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे होते. लांब उतरणीला ब्रेकवरच भार टाकला की ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. तशी गेलेली पाच माणसं आजच्या वहीत आहेत.

खंडाळ्याच्या बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाशी आल्यावर तात्या गाडी सावकाश करायचे आणि मी पुढं जाऊन नाणं ठेवून यायचो. ज्या धनगरानं इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, त्याचं ते देऊळ. वाट मिळाल्यावर त्यालाच मारलं, असं लोक सांगतात. चाचा मुसलमान, आमचे सरदारजी शीख, पण नाणं सगळेच ठेवायचे. चाचा म्हणायचे, रस्ता दाखवणाऱ्याचं देणं असतं. 2002 ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि बऱ्याच गाड्या तिकडून जायला लागल्या.

आप्पांची गोष्ट वेगळी. ते सुरुवातीची वर्षं पिंपरीहून नुसत्या चासी पोचवायचे. ना केबिन, ना दार, ना टप. पुढं इंजिन, मागं लांबलचक सांगाडा आणि मधे एका फळीवर बसलेला माणूस. डोळ्यांना गॉगल, तोंडाला फडकं गुंडाळलेलं, पाऊस आला तर पाऊस अंगावर. आज म्हणाले, "नागपूरला पोचल्यावर अंघोळ केली की पाणी काळं जायचं. पण रस्ता जसा तेव्हा दिसला तसा पुन्हा कधी दिसला नाही." चासी पोचली की टपाल घेऊन परत, कधी एसटीनं, कधी दुसऱ्याच्या लॉरीतून. रस्त्यात उभ्या असलेल्या चासीवाल्याला पुढच्या गावापर्यंत सोडायचं, हा अलिखित कायदा होता. आप्पा आणि मी असेच भेटलो, सोलापूर रोडला, इंदापूरच्या अलीकडं.

मोबाईल नव्हते, पण निरोप पोचायचे. ठरलेल्या हॉटेलांच्या गल्ल्यावर चिठ्ठी ठेवायची: 'घरी मुलगी झाली', 'मालकानं मुंबईत वाडीबंदरला जायला सांगितलंय', 'आईची तब्येत बरी नाही, सरळ घरी जा.' हॉटेलवाला गाडी थांबताच चिठ्ठी पुढं करायचा, चहा नंतर. माझे वडील गेल्याचं मला असंच कळलं, शिरवळच्या पुढं. माझी भरलेली गाडी इस्लामपूरवाले घेऊन पुढं गेले, त्यांच्या गाडीवर त्यांचा किन्नर बसला आणि मला दहिवडीकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं. माल वेळेवर उतरला. हुंडेकऱ्याला, म्हणजे माल पाठवणाऱ्या एजंटाला, कळलंही नाही. इस्लामपूरवाल्यांचं नाव मला आजही माहीत नाही आणि दिवसभर त्याचंच वाईट वाटत राहिलं.

1993 बद्दल मात्र नीट लिहायचंय. 30 सप्टेंबरची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते आणि चारच्या सुमाराला किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगड-मातीच्या घरांखाली गेली, सुमारे दहा हजार माणसं मेली. आमच्या अड्ड्यावर बातमी आली तेव्हा आठ-दहा गाड्या उभ्या होत्या. चाचा बोलले, "भाडं नको. गाडी भरा." कराडच्या बाजारपेठेतून तांदूळ, डाळ, घोंगड्या, भांडी, पत्रे, जे मिळेल ते. माथाड्यांनी वाराई, म्हणजे माल चढवायची मजुरी, घेतली नाही. सावर्ड्याचे भाऊ कुंभार्ली घाट चढून नुकतेच आले होते, रिकामे परत जाणार होते, ते न सांगता रांगेत लागले आणि आमच्या तीन गाड्यांत स्वतःच्या पैशांनी डिझेल भरलं. मालकाला विचारायला वेळ नव्हता. बहुतेक मालक नंतर काही बोलले नाहीत. एका मालकानं भाड्याचे पैसे पगारातून कापले, आणि ते ज्याचे कापले त्यानं आम्हाला कित्येक वर्षांनी सांगितलं.

पंढरपूर, सोलापूर, नळदुर्ग, उमरगा असे गेलो. तिकडं पाऊस लागला होता. सास्तूरच्या अलीकडं चिखलात गाड्या रुतल्या, लष्कराच्या जवानांनी ढकलून काढल्या. मी तिथं पाहिलेलं सगळं लिहिणार नाही. एवढंच की माल उतरवल्यावर चाचा आणि भाऊ गाडीत बसले नाहीत, दोन दिवस तिथंच ढिगारे उपसत राहिले. भाऊंचा तो तीन बोटांचा हात सोलून निघाला होता. परत येताना कुणी कुणाशी बोललं नाही. टेंभुर्णीला चहा प्यायलो, तेव्हा भाऊंनी सगळ्यांचे पैसे दिले.

या माणसांना निवृत्त म्हणायचं तरी कसं? नोकरीचा कागद नव्हता, तर निवृत्तीचा कुठून येणार? मोटार वाहतूक कामगारांसाठी 2025 पर्यंत 1961 चा कायदा होता, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला तो लागू होता. आमच्या ओळखीत कुणी आठ तासांत चावी काढून ठेवली नाही. फंड नाही, पेन्शन नाही. डोळ्याला अंधारी आली किंवा मालकानं गाडी विकली की संपलं. चाचांचा डावा गुडघा क्लचनं गेला. आप्पांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, कारण जुन्या टाटाचं इंजिन अर्धं केबिनमध्येच असायचं, डाव्या हाताला. उन्हाळ्यात त्या झाकणावर ओलं पोतं टाकायचो, दहा मिनिटांत कोरडं. आता 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. हे ऐकून चाचांना मनापासून आनंद झाला. काहीजण म्हणतात पोरं नाजूक होतील. मला ते पटत नाही. तापलेल्या केबिनमध्ये माणूस पेंगतो, पेंगला की मरतो आणि दुसऱ्यालाही मारतो. एसी आमच्या वेळी असता तर आजची वही लहान झाली असती.

जकात नाक्यावरच्या रांगा गेल्या त्याचंही मला दुःख नाही. मुलुंडच्या नाक्यावर रात्र रात्र उभं राहायचो, कागद हातात घेऊन. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. त्या दिवशी मी घरी होतो, तरी बरं वाटलं.

सावर्ड्याचे भाऊ शेवटच्या वर्षांत फक्त आंब्याच्या पेट्या वाहायचे, एप्रिल-मेमध्ये, महाडवरून मुंबईला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल वाहून गेला, दोन एसटी बसगाड्या पुरात गेल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा प्रत्येकाला फोन करून फक्त विचारलं, "घरीच आहात ना?" आम्ही सगळे तेव्हा गाडी सोडून बसलेलो, हे त्यांना माहीत होतं. तरी विचारलं. पुढं कधीतरी त्यांचा फोन लागेनासा झाला. आम्ही म्हणत राहिलो, एकदा जाऊन येऊ.

किल्लारीचं त्यांनी घरी कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. बोलणाऱ्यातले नव्हतेच ते. आपल्या आजोबांनी त्या दिवशी काय केलं हे त्यांच्या नातवंडांना कुणीतरी सांगायला हवं आणि ते पाहिलेले आता आम्ही दोघंच उरलोय, चाचा आणि मी.

म्हणून बुधवारी जायचं ठरलं. आप्पा तोवर इथंच राहतील, चाचा मंगळवारी रात्री मिरजेहून येतील. सकाळी पहिली चिपळूण एसटी धरायची, चाचांना पाय लांब करता येईल अशी पुढची जागा बघायची. चिपळूणहून सावर्ड्याला दुसरी गाडी मिळते. स्टँडवर उतरून विचारायचं: लॉरीवाले भाऊ, आंब्याच्या पेट्या न्यायचे, डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. वही बरोबर घेतोय, त्यांचं पूर्ण नाव त्यांच्या घरच्यांकडूनच लिहून घेईन. परतताना वेळ मिळाला तर पाटणच्या त्या पंपावरही उतरू. तिथल्या माणसाला इस्लामपूरवाल्यांचं काही माहीत असलं तर बघू.