मॅक्सिमात रसायनाचं गणित: चार कार्यपत्रिका कुठवर आल्या

चारपैकी तीन कार्यपत्रिका वर्गात नेण्याजोग्या झाल्या आहेत, ह्यूकेलच्या पद्धतीची (रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या काढायची) चौथी अर्ध्यावर आहे. सगळं काम मॅक्सिमा या चिन्हांतलं गणित करणाऱ्या प्रोग्रॅमवर, डब्ल्यूएक्समॅक्सिमाच्या खिडकीतून. फुकट आहे आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीनवरही कुरकुर न करता चालतं, ही दोनच कारणं. १९६८ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या मॅक्सिमाच्या पूर्वजाचं, म्हणजे मॅकसिमाचं, वय या कामात आडवं येत नाही. खाली चिन्हं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं घ्या.

पत्रिका रचताना एकच कसोटी ठेवली: मशीनला रसायन कळत नाही. संहती ऋण नसते, अणूची त्रिज्या शून्याखाली जात नाही, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. जिथे सांगावं लागतं तिथेच प्रश्न विचारायचा. बाकीचं बीजगणित मशीनने खुशाल करावं.

पत्रिका १: सौम्य आम्लाचा सामू

सर्वांत जास्त वेळ हिनेच खाल्ला. ॲसेटिक आम्ल, विचरण स्थिरांक केए = १.८×१०^−५. वर्गात शिकवतात ते सूत्र म्हणजे एच = √(केए·सी), एच ही हायड्रोजन आयनांची संहती आणि सी आम्लाची. ०.१ मोलर द्रावणाला त्याने सामू २.८७२ येतो, विचरलेला भाग न वगळणाऱ्या वर्गसमीकरणाने २.८७५. फरक नगण्य, म्हणून विद्यार्थी निर्धास्त. आता सी = १०^−४ घ्या. सोपं सूत्र ४.३७ देतं, वर्गसमीकरण ४.४६. सामूत हा फरक किरकोळ दिसतो, पण हायड्रोजन आयनांच्या संहतीत तो तेवीस टक्के आहे.

खरी मजा सी = १०^−७ ला. सोपं सूत्र म्हणतं ५.८७. वर्गसमीकरण म्हणतं ७.००२, म्हणजे आम्ल घातल्यावर पाणी अल्कधर्मी झालं! इथे मुलांना थांबवायचं. चूक समीकरण सोडवण्यात नाही, ते मांडताना पाण्याचं स्वतःचं विचरण विसरलं गेलं. प्रभारसंतुलन नीट मांडलं की त्रिघाती समीकरण मिळतं (केडब्ल्यू म्हणजे पाण्याचा आयनिक गुणाकार):

एच^३ + केए·एच^२ − (केए·सी + केडब्ल्यू)·एच − केए·केडब्ल्यू = ०

याचं उत्तर ६.७९. तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापले आहेत, त्यावर वेगळं भाष्य नाही.

सोडवण्याआधी चिन्हं बघायला लावा: अधिक, अधिक, उणे, उणे. बदल एकदाच, म्हणून देकार्तच्या नियमाने धन मूळ नेमकं एक. कोणतं मूळ घ्यायचं हा प्रश्न कागदावरच सुटतो. मशीनची तीन मुळं १.६१×१०^−७, −६.१७×१०^−८ आणि −१.८१×१०^−५ अशी येतात, आणि नियम डोळ्यांसमोर खरा ठरतो.

इथे काय काय बिघडतं:

सॉल्व ही आज्ञा वापरली तर अर्धं पान भरेल एवढं घनमुळांचं जंजाळ येतं, आणि त्यात %आय, म्हणजे −१ चं वर्गमूळ, असतो. फ्लोट करून दशांशात आणल्यावर खऱ्या मुळाला शून्याजवळचा काल्पनिक भाग चिकटलेला राहतो. मुलं "प्रोग्रॅम चुकला" म्हणतात. चुकलेला नसतो. तिन्ही मुळं वास्तव असली तरी कार्दानोच्या सूत्राची वाट काल्पनिक संख्यांतूनच जाते, सोळाव्या शतकात त्यालाही हेच आडवं आलं होतं. पाच मिनिटं द्यावीत, जास्त नाही.

वास्तव मुळं शोधणारी रिअलरूट्स आज्ञा तर इथे वापरूच नका. त्याची मूळची सहनशीलता, रूट्सएप्सिलॉन, १०^−७ आहे आणि आपलं मूळच १.६×१०^−७. म्हणजे तोळाभर सोनं धान्याच्या काट्यावर तोलण्यासारखं. त्यावर उपाय म्हणजे एच ऐवजी १०^(−पी) टाकायचं आणि फाइंड_रूट ला पी ची मर्यादा ० ते १४ द्यायची. दोन्ही टोकांना पदावलीचं चिन्ह विरुद्ध असतं, त्यामुळे ते अडत नाही, आणि उत्तर थेट सामूच मिळतं.

तिसरी चूक सगळ्यांत घातक, कारण ती ओरडत नाही. मॅक्सिमात लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम. −लॉग(एच) लिहिलं की ०.१ मोलर ॲसेटिक आम्लाचा सामू ६.६२ येतो. आकडा शून्य ते चौदाच्या आतला, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. पहिल्याच ओळीत पीएच(एच) := −लॉग(एच)/लॉग(१०) अशी व्याख्या टाकून ठेवली आहे. आणि हो, किंमत देताना केए: लिहायचं, केए= नव्हे. बरोबरीचं चिन्ह फक्त समीकरण बनवतं, किंमत साठवत नाही.

पत्रिका २: ए → बी → सी

ए चा बी आणि बी चा सी होणारी सलग अभिक्रिया, दर स्थिरांक के१ आणि के२. अटी आधी, समीकरण नंतर. ॲटव्हॅल्यू ने ए(टी) ची आणि बी(टी) ची आरंभीची किंमत देऊन मग विकल समीकरणं सोडवणारं डीसॉल्व. फलन सगळीकडे ए(टी) असंच लिहायचं. नुसतं ए लिहिलं तर मशीन त्याला स्थिरांक समजतं, त्याचं विकलन शून्य करून मोकळं होतं, आणि पुढे सगळंच फसतं.

बी चं सूत्र येतं त्याच्या छेदात (के२ − के१). के१ = ०.१, के२ = ०.०५ प्रति मिनिट घेतले तर बी सर्वाधिक होण्याची वेळ १३.८६ मिनिटं, आणि तेव्हा बी बरोबर ए० च्या, म्हणजे आरंभीच्या ए च्या, निम्मा. इथवर सरळ आहे. मग के२ = ०.१ करायला सांगायचं. सूत्रात के२ च्या जागी के१ टाकताच मॅक्सिमा शून्याचा ऋण घात अव्याख्यात असल्याची तक्रार करून थांबतं.

नेमका प्रश्न असा: दोन दर स्थिरांक सारखे झाले म्हणून चंबूतली अभिक्रिया थांबते का? थांबत नाही. म्हणजे अडचण सूत्राच्या लेखनात आहे, रसायनात नाही. के२ च्या जागी के१ + ई ठेवून ई शून्याकडे नेत लिमिट घ्या, ए०·के१·टी·ई^(−के१·टी) मिळतं (घातांकाखालचा ई अर्थातच वेगळा, मॅक्सिमातला %ई). सर्वाधिक बी ची वेळ १/के१, म्हणजे १० मिनिटं, आणि तेव्हा बी म्हणजे ए० चा ०.३६८ भाग. सीमा ही कल्पना बारावीत रुक्षपणे शिकलेल्या मुलांना ती इथे पहिल्यांदा कामाची वाटते. स्लायडरने के२ हलवून आलेख दाखवा: ०.१ वरून जाताना वक्र कुठेही उडी मारत नाही.

पत्रिका ३: हायड्रोजनची १एस कक्षा, आणि थोडं व्हॅन डर वाल्स

आर^२·ई^(−२आर/ए) चं (आर म्हणजे केंद्रकापासूनचं अंतर, ए म्हणजे बोर त्रिज्या) शून्य ते अनंत संकलन मागितलं की मॅक्सिमा उलट विचारतं: ए धन, ऋण की शून्य? अज्यूम(ए>०) ही ए धन धरायची सूचना मुद्दामच आधी दिलेली नाही. हा प्रश्न पडद्यावर आलाच पाहिजे, कारण ए ऋण असेल तर फलन अनंताकडे फुगतं आणि तरंगफलनाला अर्थच राहत नाही. उत्तर ए^३/४. त्यावरून प्रसामान्यीकरण, सरासरी त्रिज्या ३ए/२, सर्वाधिक संभाव्य त्रिज्या ए, म्हणजे ५२.९ पिकोमीटर. त्या त्रिज्येच्या आत इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता १ − ५ई^−२, फक्त ३२.३ टक्के. बहुतेकांचा अंदाज पन्नासच्या वर असतो, म्हणून अंदाज आधी लिहून घ्यावा.

खऱ्या वायूंचं व्हॅन डर वाल्स समीकरण आटोपशीर ठेवलं आहे. दाबाचं आकारमानानुसार पहिलं आणि दुसरं विकलन शून्य, सॉल्व, आणि क्रांतिक आकारमान ३बी. कार्बन डायऑक्साइडसाठी क्रांतिक तापमान ३०४ केल्विन येतं, पण ही जुळणी बघून टाळ्या नकोत. समीकरणातले स्थिरांक ए आणि बी मुळात क्रांतिक मापनांवरूनच काढतात. खरी परीक्षा आकारमानाची: समीकरण ०.१२८ लिटर प्रति मोल सांगतं, प्रयोग ०.०९४. वायू स्थिरांक आर ०.०८३१४५ ऐवजी ८.३१४५ टाकला, तर तापमान ३.०४ केल्विन येतं. एककांचा हा घोळ हमखास होतो.

पत्रिका ४: ह्यूकेल, अपूर्ण

ब्युटाडाइनची चार बाय चारची मॅट्रिक्स, शेजारच्या कार्बनसाठी १, बाकी ०. आयगनव्हॅल्यूज दोन याद्या देतं: पहिलीत मूल्यं, दुसरीत प्रत्येक मूल्य किती वेळा येतं. मुलं दुसरी यादी बघतच नाहीत. बेंझीनमध्ये तीच महत्त्वाची, कारण १ आणि −१ दोनदा येतात आणि तीच समऊर्जता.

ब्युटाडाइनची मूल्यं ±१.६१८ आणि ±०.६१८, म्हणजे सुवर्ण गुणोत्तर. गंमत अशी की पहिल्या पत्रिकेत ॲसेटिकऐवजी १०^−७ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं तर एच नेमका १.६१८×१०^−७ येतो. यात गूढ काही नाही, दोन्हीकडे क्ष^२ − क्ष − १ लपलेलं आहे. चारपॉलीने मिळणाऱ्या मॅट्रिक्सच्या अभिलक्षण बहुपदीचे अवयव पाडले की ते उघडं पडतं.

चिन्हाचा सापळा: पातळीची ऊर्जा म्हणजे अल्फा + मूल्य × बीटा, आणि बीटा ऋण आहे, म्हणून +१.६१८ ही सर्वांत खालची पातळी. आलेखात ती वर दिसते आणि मुलं इलेक्ट्रॉन उलटे भरतात. अक्षच उलटा केला आहे. एकूण ऊर्जा ४अल्फा + ४.४७२बीटा, दोन सुट्या दुहेरी बंधांपेक्षा ०.४७२बीटा जास्त स्थिर.

अडलं आहे ते बेंझीनच्या आयगनव्हेक्टर्सवर. समऊर्ज जोडीसाठी मॅक्सिमा देतं ते सदिश एकमेकांना लंब असतीलच असं नाही. ते तसेच वापरून कार्बनवरची इलेक्ट्रॉन घनता काढली तर सहा कार्बन सारखे येत नाहीत, आणि बेंझीनमध्ये ते सारखे नसले तर काहीतरी बिनसलंय हे रसायनवाल्याला लगेच कळतं. सदिश परस्परांना लंब करणारं ग्रॅमश्मिट लावल्यावर, आणि सदिशांची लांबी एक केल्यावर, प्रत्येक कार्बनवर १ येतो. आता ठरवायचं आहे ते एवढंच: ग्रॅमश्मिटची ओळ तयार द्यायची, की असमान घनतेचा तक्ता आधी छापून खाली जागा कोरी सोडायची. सध्या तरी तक्ता छापला आहे.