दहावीचं रसग्रहण आणि स्वमत: माझा अनुभव

लेकीला गणित-सायन्सचं टेन्शन नव्हतं, मराठीचं होतं. पुण्यात, मराठी घरात राहून असं कसं, हे सगळ्यांनी विचारलं, पण कुमारभारतीची, म्हणजे दहावीच्या मराठीची, कृतिपत्रिका (प्रश्नपत्रिका) एकदा नीट बघा. 80 मार्कांचा पेपर, त्यात गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास 16, उपयोजित लेखन 24, आणि नुसत्या पाठांतरावर निघेल असं फार थोडं. चौकटी पूर्ण करा, जोड्या लावा हे तिला जमायचं, उतारा समोरच असतो. अडायचं ते स्वमताला, म्हणजे स्वतःचं मत लिहायला, आणि रसग्रहणाला, म्हणजे कवितेतलं सौंदर्य उलगडून सांगायला.

अप्पा बळवंत चौकातून गाइड आणलं तर त्यातली रसग्रहणं सगळी एका साच्यातली, कवीने भावना सुंदर शब्दांत मांडल्यात वगैरे, कुठल्याही कवितेला लावा चालतंय. मला खरंच वाईट वाटलं, कारण कविता बाजूलाच राहते. मग रात्री जेवणं झाली की फक्त पुस्तक घेऊन बसायला लागलो.

संत नामदेवांचा 'अंकिला मी दास तुझा' हा अभंग घेतला. म्हटलं अर्थ नंतर, आधी कोण काय करतंय तेवढं सांग. ती सांगत गेली, बाळ आगीत पडलं की आई धावते, पिल्लं खाली पडली की पक्षीण झेपावते, वासरू भुकेलं की गाय हंबरत धावते, वणवा लागला की हरिणीला पाडसाची काळजी. आता क्रियापदं बघ म्हटलं, तर तीच म्हणाली, "अगं आई, सगळ्यांना घाई झालीये!" अगं मग हेच लिही की! देवाने असंच धावत यावं हे मागणं, ते रसग्रहणाच्या आशयसौंदर्य या भागात गेलं, आईपिल्लांचे दृष्टान्त काव्यसौंदर्यात, आणि छोटे चरण, यमक, रोजच्या बोलण्यातले शब्द हे भाषिक वैशिष्ट्यांत.

मग तिने विचारलं, शेवटी चातक आणि मेघ कशाला, तिथे आई कुठंय? किती छान प्रश्न! आम्ही दोघी बराच वेळ त्यावर बोललो. आधी सगळीकडे आई धावते, इथे मात्र चातक स्वतः विनवतोय आणि मेघ आला तरच पाणी, म्हणजे शेवटी नामदेव स्वतःची अवस्था सांगतायत असं आम्हाला वाटलं. तिने ते तिच्या भाषेत चार ओळीत लिहिलं आणि शाळेतल्या बाईंनी त्याखाली रेघ मारून 'छान' लिहून दिलं.

स्वमताला मी एवढंच सांगितलं होतं, एक कारण उताऱ्यातलं आणि एक उदाहरण तू डोळ्यांनी बघितलेलं. पाणीबचतीवर तिने आधी पाणी हे जीवन आहे असं सुरू केलं, ते खोडायला लावलं, मग तिने उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो तेव्हा पाइपच्या जोडातून पाणी गळत राहतं आणि खाली कोणी बादली पण लावत नाही, ते लिहिलं. तीन मार्कांना एवढं भरपूर होतं. अपठितला, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला, आधी कृती (प्रश्न) वाचायच्या, मग उतारा, पेन्सिलने खुणा करत, म्हणजे पुन्हा पुन्हा शोधत बसावं लागत नाही.

बोर्डात मराठी चांगलं गेलं. आता धाकटा नववीत आहे, त्याचं पुस्तक बालभारतीच्या साइटवरून पीडीएफ घेऊन एका बाजूने प्रिंट काढलंय, मागच्या कोऱ्या पानावर प्रत्येक कवितेखाली कोण काय करतंय ते तो लिहितोय.