फायबरग्लासचं काम शेवटाला ठेवू नका

किट विमान, म्हणजे सुटे भाग मागवून घरी जोडायचं विमान, बांधतोय म्हटलं की सगळे पहिलं रिव्हेटचंच विचारतात, किती हजार आहेत, हाताने मारायचे का, एखादा वाकडा गेला तर काय. फायबरग्लासबद्दल कोणी विचारत नाही, बांधणारेसुद्धा "ते नंतर बघू" म्हणून तो खोका कोपऱ्यात सरकवतात. घरी विमान होतं का हे मात्र मराठी माणसाने विचारू नये, अमोल यादव यांनी कांदिवलीत बिल्डिंगच्या गच्चीवर सहा सीटचं बांधलं आणि २०१६ ला बीकेसीच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी ते बघितलं.

आमचं आरव्ही-७, ओरेगॉनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं दोन सीटचं किट, इथे ओहायोत गॅरेजमध्ये चालू आहे. विमान बहुतेक सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. पत्र्यांना भोकं आधीच पाडलेली असतात, त्यामुळे क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना) लावत गेलं की पत्रा आपोआप जागेवर येतो. फायबरग्लासला असं काही नाही. काउलिंग (इंजिनावरचं झाकण), विंगटिप (पंखांची टोकं), शेपटीची टोकं, चाकांवरची कव्हरं हे सगळं साच्यातून निघून जास्तीच्या कडांसकट येतं, आणि तुमचं विमान शेजारच्याच्या विमानापेक्षा केसभर वेगळं असतंच, त्यामुळे तो भाग तुमच्या पत्र्याला घासूनच बसवावा लागतो. म्हणून माझं म्हणणं एकच, ज्या त्या पत्र्याचं काम हातात असतानाच त्याचं फायबरग्लास बसवून मोकळं व्हा, सगळं मागे ठेवलं की मग इंजिन बसलेलं असतं, वायरिंग झालेलं असतं, आणि हे सगळं झाकत झाकत महिनोन्महिने धूळ उडवायची.

काउलिंग सगळ्यात वेळखाऊ. सुरुवात मागून नाही, पुढून करायची, स्पिनरपासून (प्रॉपेलरच्या मधली निमुळती टोपी). स्पिनरच्या मागच्या प्लेटच्या मापाची प्लायवुडची चकती प्रॉपेलरच्या जागी लावायची आणि काउलिंगचं तोंड तिच्यापासून साधारण पाव इंच मागे धरायचं. इंजिन रबराच्या माउंटवर असतं आणि रबर काही दिवसांनी दबतं, म्हणून आज स्पिनर काउलिंगपेक्षा किंचित वर दिसला पाहिजे, आज बरोबर जुळवलात तर पुढे तो खाली दिसणार. मग मागची कड. काउलिंग वर ठेवलं की पत्र्याची कड झाकली जाते, म्हणून आधीच पत्र्यावर कडेपासून ठरलेल्या अंतरावर मागे एक रेघ मारून ठेवायची आणि तिथून मोजत काउलिंगवर खुणा करायच्या. रेघेच्या बाहेरूनच कापा आणि उरलेलं ८० नंबरच्या पॉलिशपेपरने लाकडी ठोकळा धरून खाली आणा, नुसत्या बोटाने घासलं की कड लाटालाटांची होते आणि रंग झाल्यावर ती लांबून दिसते.

फट अगदी बंद करायचा मोह होतो, करू नका, रंगाला दोन्ही कडांवर जाडी असते, घट्ट बसवलेल्या कडा पहिल्या काही फ्लाइटमध्येच एकमेकींवर घासून रंगाचे टवके काढतात. फट एकसारखी हवी, बारीक नंतर. आणि ती एकसारखी करायची युक्ती मला या सगळ्या कामात सर्वात आवडते. पत्र्याच्या बाजूला पॅकिंगची पारदर्शक टेप लावायची, फायबरची कड खरवडून ठेवायची, एपॉक्सीत (हार्डनर घातल्यावर कडक होणारं रेझिन) कापसाचा भुगा कालवून घट्ट लगदा करायचा आणि फटीत दाबून भरायचा. दुसऱ्या दिवशी बिजागरीच्या पिना ओढल्या की काउलिंग टक्कन सुटतं, लगदा फायबरला धरलेला, टेपेला नाही, आणि ती नवी कड शेजारच्या पत्र्याची हुबेहूब उलटी प्रत असते. मग रंगापुरती घासायची. पत्रा जास्त कापला गेला की नवा मागवावा लागतो, फायबरला हवं तेवढं परत वाढवता येतं, हे एकदा डोक्यात बसलं की भीती जाते.

विंगटिपला आणखी सोपं आहे, ती अर्धपारदर्शक असते. बायको आतून टॉर्च धरते आणि पत्र्यातली भोकं बाहेरून ठिपक्यांसारखी उजळून दिसतात, तिथेच पेन्सिलने खूण. शेपटीच्या टोकांना मात्र लांबी (पुट्टी) भरताना हात आखडा. एलेव्हेटर आणि रडरवर (शेपटीच्या हलणाऱ्या आडव्या आणि उभ्या फळ्या) बिजागरीच्या मागे लांबी आणि रंगाचं वजन चढलं की बॅलन्स बिघडतो, आणि तो फ्लटरचा, म्हणजे वेगात ती फळी थडथडायला लागण्याचा प्रश्न आहे, दिसण्याचा नाही. लांबीत मायक्रोबलून (काचेचे पोकळ बारीक कण) घातले की ती हलकी होते आणि घासायला मऊ जाते, पण जिथे ताकद हवी तिथे ती चालत नाही, तिथे कापसाचा भुगाच. चाकांची कव्हरं विमान जॅकवर उचलून सरळ करायची, चाकांवर वजन असताना चाकांचे पाय फाकतात आणि हवेत कव्हर वाकडं जातं.

एपॉक्सीबद्दल थोडं. आपल्याकडे फायबरचं काम बरंचसं पॉलिएस्टरमध्ये होतं, त्यात हार्डनर कमीजास्त करून वेळ सांभाळतात, ती सवय इथे अजिबात नको. आम्ही वापरतो त्या वेस्ट सिस्टिमचं प्रमाण पाचास एक, हार्डनर जास्त घातला तर ते लवकर सुकत नाही, उलट कायम चिकट राहतं. लवकर हवं असेल तर फास्ट हार्डनर घ्या किंवा गॅरेज गरम ठेवा. आणि कालवलेलं कपात तसंच ठेवू नका, कपातल्या कपात तापून धूर येतो, पसरट ताटलीत ओता.

सुकल्यावर वर एक मेणचट थर येतो. तो पाणी आणि स्कॉचब्राइटने धुऊन मगच पेपर लावायचा, नाहीतर तोच थर घासून आत जातो आणि पुढचं काही धरत नाही. दमट हवेत हा थर जास्त येतो, त्यामुळे मुंबईत किंवा कोकणात कोणी मोठी आरसी (रिमोटवर उडणारी) मॉडेलं किंवा होड्या एपॉक्सीत करत असेल तर पावसाळ्यात हे धुणं विसरू नका, किंवा वरून पील प्लायचं कापड लावा, ते ओढून काढलं की थरही जातो आणि खाली खरबरीत पृष्ठभाग मिळतो. हातमोजे नायट्राइलचे, आणि मास्क चांगला, कारण काचेच्या धाग्यांची खाज आंघोळीने जाते पण एपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा लागली की जात नाही, मग अर्धवट विमान दुसऱ्या कोणाकडून पुरं करून घ्यावं लागतं.

आमचं खालचं काउलिंग अजून आतून सील करायचं आहे. आत पातळ एपॉक्सीचा हात द्यायचा म्हणजे गळलेलं ऑइल फायबरच्या कापडात शोषलं जात नाही, आणि एक्झॉस्टजवळ अ‍ॅल्युमिनियमचं परावर्तक शीट. या शनिवारी थंडी कमी असली तर तेच काढणार.